दुसऱ्यांदा कोण येतं?

बँकेतल्या छत्तीस वर्षांत कर्जाच्या हजारो फायली चाळल्या, पण अर्जदाराने माझेच डोळे झाकून मला प्रस्ताव समजावून सांगितला, असा प्रसंग एकदाच आला. २०१७ सालचा मे महिना. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, मुक्काम नाशिक. पंचविशीतला एक इंजिनिअर मुलगा मुद्रा योजनेतल्या ‘तरुण’ गटात आठ लाखांचं कर्ज मागायला आला होता. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले अडीच लाख हे याचं स्वतःचं भांडवल. धंदा काय, तर कॉलेज रोडवर गाळा घेऊन ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’चं पार्लर काढायचं. आभासी वास्तव! कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून हे शब्द मला परके नव्हते, पण ताळेबंदात ते कुठल्या रकान्यात बसवायचे हे काही उमगेना. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “साहेब, हे वाचून कळायचं नाही. डोक्यावर चढवून बघायला लागेल.”

गंगापूर रोडला त्याच्या मित्राकडे तसला एक संच होता. शनिवारी दुपारी गेलो. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला, कोपऱ्यांत दोन काळ्या डब्या, मध्ये संगणक. त्याने माझा चष्मा तसाच ठेवून वरून तो अवजड मुखवटा बसवला, मागचा पट्टा आवळला आणि एका क्षणात मी एका गगनचुंबी इमारतीच्या टोकाला उभा होतो. समोर हवेत गेलेली एक लाकडी फळी. खाली मुंग्यांसारखी वाहनं. मी गंगापूर रोडवरच्या तळमजल्यावर, शहाबादी फरशीवर उभा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही पाय उचलेना. अठ्ठावन्न वर्षांचा, दोन शाखा सांभाळलेला माणूस त्या पोराचा दंड घट्ट धरून उभा! मुखवटा काढला तेव्हा पदर तोंडाशी धरून मित्राची आई हसत होती.

सोमवारी मी कर्ज मंजुरीची शिफारस केली. शिफारस चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. पण पानपट्टीवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत प्रत्येकाला जो प्रश्न मी न चुकता विचारत आलो, तो त्या फळीवरून उतरलेल्या माणसाला सुचला नाही, हे कबूल केलं पाहिजे. तो प्रश्न असा: दुसऱ्यांदा कोण येतं?

पहिल्यांदा सगळेच येतात. हॉटेल उघडलं की पहिला आठवडा गाव लोटतं. धंदा चालतो तो दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, रोज येणाऱ्यावर. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लरं निघाली होती, मग एस.टी.डी.-पी.सी.ओ.चे काचेचे खोके आले, २०००च्या आगेमागे सायबर कॅफे आले. तिन्ही धंदे बुडाले हे खरं, पण कशाने बुडाले ते पाहा. गिऱ्हाईक इतक्या वेळा येऊ लागलं की त्याला ती वस्तू घरीच आणणं परवडू लागलं. आधी दुकानात, मग घरात, मग खिशात, अशी यंत्रांची चाल असते. या मुखवट्याचीही तशीच होईल असं त्या मुलाला वाटलं, मलाही वाटलं. आमच्याहून फार मोठ्या माणसांनाही तेच वाटत होतं.

उद्घाटनाला मी गेलो होतो. फीत कापायचा मान त्याच्या आईचा. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पण केसांचा अंबाडा आणि त्यावर मोगऱ्याची वेणी. पहिला मानही तिचाच म्हणून मुलगा मुखवटा घेऊन पुढे झाला आणि तिथेच घोडं अडलं. पट्टा डोक्याच्या मागे नेमका जिथे आवळायचा तिथे अंबाडा. “आई, जरा केस सोड ना,” पोरगा म्हणाला. भरल्या दुकानात, पाहुण्यांसमोर केस मोकळे सोडायचे? त्या माउलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. शेवटी पट्टा सैल ठेवून, हाताने धरून तिला दोन मिनिटं समुद्राखालचे मासे दाखवले. मुखवटा काढला तर आतल्या स्पंजला कुंकू लागलेलं, आणि तिच्या कपाळावर आडवा लाल फराटा.

त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. पुढे तपासणीच्या निमित्ताने जाऊन बसायचो तेव्हा लक्षात आलं की हसण्यावारी न्यायची ती बाब नव्हती. मे महिन्यातला घाम, पोरांच्या डोक्याचं तेल, बायकांच्या टिकल्या हे सगळं त्या स्पंजमध्ये मुरायचं. तो बिचारा दर गिऱ्हाइकामागे स्पिरिटने पुसायचा, कागदी पट्ट्या लावायचा. चष्मेवाल्यांच्या दांड्या कानशिलात रुतायच्या. हा काही आपल्याकडच्याच तेला-कुंकवाचा दोष नव्हे. २०२१ साली फेसबुकला आपल्या ‘क्वेस्ट २’ या मुखवट्याच्या आतलं फोमचं आवरण, चेहऱ्यावर पुरळ येतं या तक्रारींमुळे, परत बोलवावं लागलं. एकट्या अमेरिकेत असे सुमारे चाळीस लाख नग होते.

या यंत्राबद्दल बोलताना तज्ज्ञ मंडळी चित्राच्या स्पष्टतेबद्दल बोलतात. मला विचाराल तर सगळी अडचण आहे ती चेहऱ्याची. साधा चष्मा पंचवीस-तीस ग्रॅमचा. ‘क्वेस्ट २’ होता पाचशे तीन ग्रॅमचा, नंतरचा ‘क्वेस्ट ३’ पाचशे पंधरा, आणि ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ २०२४ साली आला तो सहाशेच्या पुढचा. अर्धा किलो साखरेची पुडी डोक्यावर घेऊन बाई मैलभर चालेल, पण तीच कपाळाच्या पुढे बांधली की मान वीस मिनिटांत कुरकुरायला लागते. दोन बुबुळांमधलं अंतर माणसागणिक वेगळं. भिंगं त्या अंतरावर बसली नाहीत तर चित्र फुटतं. ‘क्वेस्ट २’मध्ये त्यासाठी तीन खाचा होत्या, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटरच्या. तयार कपड्यांच्या दुकानात लहान, मध्यम, मोठा असतो तसं. ज्याचं माप मधलं, त्याने डोकं दुखवून घ्यायचं.

आणि मळमळ. कसारा घाटात एस.टी.त पुस्तक वाचायला बसलं की पोटात ढवळतं, कारण डोळे म्हणतात पान स्थिर आहे आणि कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो आपण वळणं घेतोय. मुखवट्यात याच्या उलट: डोळे म्हणतात धावतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलाय. डोकं वळवल्यानंतर चित्र वळायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त वेळ लागला तर मेंदूला ते खटकतं, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. ही लढाई अभियंत्यांनी बऱ्यापैकी जिंकली, हे त्यांच्या श्रेयाचं. पण दुसरी अजून उरली आहे. स्वतःचं बोट लांबून नाकाकडे आणून पाहा. डोळे आत वळतात, आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग जवळच्या नजरेसाठी फुगतं. दोन्ही कामं जन्मापासून जोडीने चाललेली. बाजारातल्या बहुतेक मुखवट्यांत चित्र एकाच ठरलेल्या अंतरावर स्पष्ट होतं. त्यामुळे वस्तू जवळ आली की डोळे वळतात, भिंग मात्र आहे तिथेच राहावं लागतं. ही फारकत तासभर सोसली की डोळे थकतात. पडदा कितीही बारीक ठिपक्यांचा करा, हे दुखणं त्याने जात नाही.

गंमत अशी की हा काही कालचा उद्योग नाही. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की खोली भासते, हे चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ साली मांडलं, आणि पुढे विलायतेत त्याच्या स्टिरिओस्कोपने दिवाणखाने भरले. १९६२ साली मॉर्टन हायलिग या सिनेमावाल्याने वारा आणि वाससुद्धा देणाऱ्या ‘सेन्सोरामा’ नावाच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. त्याला भांडवल देणारा कोणी भेटला नाही. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पहिला संगणकी पडदा केला. तो इतका जड की छताला टांगलेल्या दांड्याला जोडावा लागे, म्हणून त्याचं नाव पडलं ‘डॅमोक्लिसची तलवार’. आपल्या भाषेतली टांगती तलवारच! १९९५ साली निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला, काळ्या-तांबड्या चित्रांचा, टेबलावर दोन पायांच्या स्टँडवर ठेवून वाकून बघायचा. पावणेआठ लाखांच्या आसपास नग खपले आणि वर्षभरात गाशा गुंडाळला.

नंतर पामर लकी नावाच्या विशीच्या आतल्या पोराने २०१२ साली लोकवर्गणीतून चोवीस लाख डॉलर उभे केले आणि दोनच वर्षांनी फेसबुकने त्याची ‘ऑक्युलस’ कंपनी दोन अब्ज डॉलरना घेतली. त्याच २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याची घडी घालून, आत मोबाइल सरकवून बघायचं ‘कार्डबोर्ड’ काढलं. आपल्याकडे फुटपाथवर तीन-चारशे रुपयांत मिळणारे प्लास्टिकचे ‘व्हीआर बॉक्स’ त्याचीच भावंडं. त्या पुठ्ठ्याची एक गोष्ट मला फार आवडते. त्याला पट्टा नव्हता. स्टिरिओस्कोपसारखं हातात धरायचं, बघायचं, खाली ठेवून शेजारच्याला द्यायचं. जत्रेतल्या बायोस्कोपला आपण तोंड लावायचो तेही असंच. मागून भावाने शर्ट ओढला की जागा सोडायची. पट्टा आला तेव्हा आपण त्या खोलीतून उठून गेलो.

पैशाचं म्हणाल तर माझ्यासारख्याला त्यातले आकडे पेलवत नाहीत. फेसबुकने २०२१ साली स्वतःचं नावच ‘मेटा’ केलं आणि यापुढे माणसं आभासी जगात भेटतील अशी द्वाही फिरवली. या कंपनीचा मुखवटे, चष्मे आणि त्यांचं संशोधन पाहणारा जो विभाग आहे, त्याचा २०२१ ते २०२४ या चार वर्षांतला तोटा मिळून सुमारे अठ्ठावन्न अब्ज डॉलर होतो. जाहिरातींच्या नफ्यातून तो भरला गेला. आमच्याकडे तीन हप्ते थकले, म्हणजे नव्वद दिवस झाले, की खातं अनुत्पादक! पण तोट्याहूनही मला बोलका वाटला तो २०२३च्या सुरुवातीला कंपनीच्या आतल्या बैठकीतून बाहेर आलेला तपशील. क्वेस्टचे जवळपास दोन कोटी नग विकले गेले होते. म्हणजे माल खपत नव्हता असं अजिबात नाही. दुखणं असं होतं की अलीकडे घेणारे लोक आधीच्या गिऱ्हाइकांइतके तो वापरतच नव्हते. कॉलेज रोडच्या त्या गाळ्यात मुलाने ठेवलेली गिऱ्हाइकांची वही मी एकदा चाळली होती. पहिली सही, मोबाइल नंबर, अभिप्राय “जबरदस्त!”. पानं उलटत गेलो, तीच नावं पुन्हा सापडत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या वहीतही तेच निघालं.

ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ साडेतीन हजार डॉलरना विकायला आला. बॅटरी वेगळी, वायरने जोडून खिशात ठेवायची, चालायची सुमारे दोन तास. (खिसा नसलेल्या साडीत ती कुठे ठेवायची हे कुणाला सुचलं नसावं.) पण त्यात एक चीज होती जिच्यापाशी मी थबकलो. मुखवट्याच्या बाहेरच्या बाजूला त्यांनी आणखी एक पडदा बसवला, ज्यावर आत दडलेल्या माणसाचे डोळे समोरच्याला दिसावेत. डोळे खरे नव्हेत, यंत्राने रेखलेले. वजन वाढलं, किंमत वाढली, तरी ते केलं. घरात एकाने चेहरा झाकला की बाकीच्यांना काय वाटतं, हे या कंपनीला कळलं होतं. उत्तर मात्र चित्रातल्या डोळ्यांचं निघालं. मायक्रोसॉफ्टने ‘होलोलेन्स’चं उत्पादन २०२४ साली थांबवलं, गूगलचं ‘डेड्रीम’ २०१९लाच संपलं होतं. पुन्हा नव्याने सॅमसंगने २०२५ साली आपला मुखवटा अठराशे डॉलरना आणला आहे. टांगती तलवार एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते आहे.

मग हे यंत्र निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचं आभासी जग तयार केलं. भाजल्याच्या जखमा धुताना, पट्ट्या बदलताना होणाऱ्या वेदना औषधांनाही पुरत्या आवरत नाहीत. त्या वेळी रुग्णाच्या डोळ्यांवर मुखवटा चढवायचा. आत बर्फाची दरी, हिममानव, पेंग्विन. आपण त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे. मन तिकडे गुंतलं की वेदना कमी जाणवते, असं त्यांना अभ्यासात दिसलं. माझ्या धाकट्या मावशीला मी लहानपणी स्टोव्हच्या भडक्यानंतर सरकारी इस्पितळात पाहिलं आहे. पट्टी बदलायच्या वेळी आम्हा मुलांना बाहेर काढत आणि आम्ही व्हरांड्यात कान झाकून उभे राहायचो. तिला अशी बर्फाची दरी दहा मिनिटं मिळाली असती तर तिच्या अंबाड्याचा विचार कुणी केला नसता.

म्हणजे जिथे आहे तिथून निघून जाणं हीच जिथे गरज असते, तिथे हा मुखवटा दुसऱ्यांदा आणि विसाव्यांदाही मागितला जातो. वैमानिकाला इंजिन बंद पडल्याचा सराव करायचा आहे, नव्या शल्यविशारदाला हात बसवायचा आहे, तिथेही तेच. वॉलमार्टने २०१८ साली आपल्या नोकरांच्या प्रशिक्षणासाठी सतरा हजार संच दुकानांत पाठवायचं ठरवलं होतं. माझा अंदाज असा की या वस्तूचं पुढलं आयुष्य कारखान्याच्या, इस्पितळाच्या आणि प्रशिक्षणकेंद्राच्या कपाटात जाईल, आणि खेळांच्या षौकिनांचा एक टिकाऊ पण बेताचा बाजार राहील. दिवाणखान्यातली टीव्हीची जागा त्याला मिळणार नाही. वर्षाला काही अब्ज डॉलर जाळू शकणाऱ्या मंडळींना हा अंदाज फारच कंजूष वाटेल. वाटू दे.

गेल्या दिवाळीत पुण्याच्या नातवाने मुखवट्याचा हट्ट धरला. वय वर्षं नऊ. मुलगा अमेरिकेहून येणाऱ्या मित्राकडून मागवायला निघाला होता. मी माहिती काढली. मेटाने स्वतःच दहा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आहे, आणि पुढेही तेरापर्यंत आईबापांच्या देखरेखीखालचं खातं लागतं. “अर्जदार पात्र नाही,” मी जाहीर केलं. नातू म्हणाला, “आजोबा, वर्षाने होईन ना!” तेवढ्यात आतून सौभाग्यवतींनी विचारलं, “अहो, ते घातल्यावर त्याला जेवायला हाक मारली तर ऐकू येईल का?” मी म्हटलं, हाक ऐकू येते, पण पान दिसत नाही. नव्या यंत्रांत बाहेरची खोली कॅमेऱ्यातून दाखवायची सोय असते, हेही सांगितलं. “म्हणजे समोरचं ताट बघायला कॅमेरा?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता वारं चष्म्याकडे वळलं आहे. रे-बॅनच्या नावाने मेटाने काढलेले चष्मे २०२३च्या ऑक्टोबरपासून वीसेक महिन्यांत भारतात पोहोचलेसुद्धा. इथे २०२५च्या मे महिन्यात ते २९,९०० रुपयांपासून मिळू लागले. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. त्यांत चित्र दिसत नाही. फोटो काढता येतो, गाणं ऐकता येतं, यंत्राशी बोलता येतं. सप्टेंबर २०२५मध्ये एका काचेत छोटा पडदा असलेला चष्माही आठशे डॉलरच्या घरात जाहीर झाला. आभासी जगाचा सगळा थाट सोडून दिला तेव्हा कुठे वस्तू माणसाच्या नाकावर टिकू लागली. पण चेहरा मोकळा झाला तशी नवी कटकट उभी राहिली. मुखवटा घालणारा निदान दिसायचा तरी. चष्मेवाला हळदीकुंकवाला येईल, बारशाला येईल, पाळण्याशी वाकेल, आणि कॅमेरा चालू असल्याची खूण एवढीच की दांडीजवळ एक बारीकसा दिवा लागतो. चाळीत वाढलेल्या माझ्या पिढीला कुणी बघतंय याची सवय आहे. कुणी साठवून ठेवतंय याची नाही.

त्या मुलाचं पार्लर २०२०च्या मार्चमध्ये बंद झालं ते कायमचं. दुसऱ्याच्या तोंडावरचा मुखवटा आपल्या तोंडावर कोण चढवणार होतं! ऑगस्टअखेरपर्यंत हप्त्यांना सवलत होती, पुढे दोन वर्षं त्याने नोकरी करून कर्ज फेडलं. बँक बुडाली नाही. वडिलांचे अडीच लाख गेले, आणि ते गेल्यापासून वडिलांनी त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही, हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. जुन्या संचांपैकी दोन त्याने ठेवले होते. आता सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तो आग आणि क्रेनच्या अपघातांचं सुरक्षा-प्रशिक्षण देतो. दहा मिनिटांचा कार्यक्रम. कामगार दर वर्षी नवे येतात, जुन्यांनाही पुन्हा बसावं लागतं.

गेल्या महिन्यात पेढे घेऊन घरी आला होता. त्याच्या डोक्यात आता चष्म्यांचं दुकान आहे. परदेशी चष्मे ठेवायचे, त्यांत नंबरच्या काचा बसवून द्यायच्या. कागद पुढे सरकवून म्हणाला, “साहेब, तुम्ही खुर्चीत असता तर दिलं असतंत का?”

मी त्याला विचारलं, आईला घालून दाखवलास का?

“नाही अजून.”

म्हटलं, आधी तिला दाखव. दिवसभर राहू दे तिच्या डोळ्यांवर, स्वयंपाक करू दे, देवळात जाऊ दे. आणि दुसऱ्या दिवशी तो तिने आपण होऊन घातला, तर कागद घेऊन ये.